लेबलवरचा घरचा नंबर

त्या घरात फोन उचलून 'हॅलो' म्हणायची पद्धतच नव्हती. 'हॅलो'मध्ये वेळ जातो, असं बाबांचं म्हणणं. उचलला की विचारायचं, "डोळ्यात गेलं, की पोटात?" पोरंसोरंसुद्धा हेच विचारायची. धाकटीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी लग्नाचं बोलायला पहिल्यांदा फोन केला, तेव्हा त्यांच्या होणाऱ्या सुनेनेच खणखणीत आवाजात हा प्रश्न टाकला होता. बिचारे चाचरत म्हणाले, "अजून तरी कुठेच नाही." माणूस भला, म्हणून लग्न जमलं. दुसरा कोणी असता तर तिथल्या तिथे फोन आपटून मोकळा झाला असता.

आता हे खूळ आलं कुठून, ते सांगायला हवं. बाबांचा एक लहानसा कारखाना होता. तुंबलेली मोरी मोकळी करायची पावडर, फरशीचे डाग काढायचं ॲसिड, असला जहाल माल तिथे डब्यांत आणि बाटल्यांत भरला जाई. अशा मालाच्या लेबलवर धोक्याची खूण लागते आणि खुणेखाली एक फोन नंबर लागतो, काही बरंवाईट झालं तर इथे फोन करा म्हणून. कारखान्यात फोन होता, पण संध्याकाळी शेवटचा कामगार गेला की तो उचलायला कोणी नसे. इतर कारखानदार बिनदिक्कत तसलाच नंबर छापत. बाबा म्हणाले, "पोरं काय कारखान्याच्या वेळा बघून तोंडात घालतात?" आणि त्यांनी छापून टाकला घरचा नंबर. कोणाला विचारलं नाही की सवरलं नाही. आईला कळलं ते पहिला फोन आला तेव्हा.

त्या दिवशी आईने बाबांना चांगलं फैलावर घेतलं. "मी काय डॉक्टर आहे? मला काय कळतंय त्यातलं? उद्या माझ्या हातून कोणाचं काही झालं म्हणजे?" बाबा खाली मान घालून ऐकत राहिले. सगळा राग ओकून झाला तशी आई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "हं, सांगा आता. काय काय सांगायचं असतं?"

बाबांनी तिला शिकवलं आणि तिने पोरांना शिकवलं, अगदी पाढ्यांसारखं. पोटात गेलं असेल तर उलटी काढायची नाही, खाली जाताना भाजलेलं वर येताना पुन्हा भाजतं. डोळ्यात गेलं असेल तर वाहत्या पाण्याखाली धरायचं, पोर कितीही बोंबललं तरी धरायचं. दोन बाटल्या एकत्र ओतून धूर झाला असेल तर आधी घराबाहेर पडा, मग बाकीचं बोलू. लिंबू नको, दूध नको, शेजारणीचा सल्ला तर मुळीच नको. डबा बरोबर घ्या, मोठ्या दवाखान्यात जा. आणि निघेपर्यंत फोन ठेवू नका, मी इथेच आहे.

हे शेवटचं वाक्य विसरलं की बाबा रागवायचे. "बाकीचं सगळं डब्यावर छापलेलंच आहे गं," ते धाकटीला म्हणायचे. "पण घाबरलेल्या माणसाला अक्षरं दिसत नाहीत. त्याला माणसाचा आवाज लागतो."

मग काय, त्या फोनला अख्खं घर जखडलं गेलं. कोणीतरी एक जण घरात पाहिजेच, हा कायदा झाला. सहलीला गेले तर दोन तुकड्यांनी. बाबांनी पोरांना समुद्र दाखवून आणला, तर पुढच्या सुटीत आईने तोच समुद्र त्याच पोरांना पुन्हा दाखवला. दादाच्या बक्षीस समारंभाला आई, तर धाकटीच्या नाटकाला बाबा. धाकटीच्या लग्नात तर कहरच झाला. पहिल्या अर्ध्या लग्नाला बाबा हजर होते, मग ते घाईघाईने घरी गेले आणि आई आली. लग्नाच्या अल्बममध्ये दोघं एकाही फोटोत एकत्र नाहीत. सासरकडची एक दूरची आत्या अल्बम बघताना हळूच कानाशी लागली, "का गं, तुझ्या आईबाबांचं पटत नाही का?" धाकटीने कपाळाला हात लावला.

पटत नाही कसं? चांगलं पटत होतं. त्यांचं प्रेमाचं बोलणंसुद्धा त्याच फोनवर चालायचं. बाबांना अधूनमधून तालीम घ्यायची लहर यायची. कारखान्याजवळच्या टपरीवरून ते आवाज बदलून घरी फोन करत. घरातलं माणूस बेसावध असलं पाहिजे, हा नियम, आणि सगळं संपल्यावर 'तालीम' हा शब्द उच्चारायचा, म्हणजे समोरच्याचा जीव टांगणीला लागत नाही, हाही नियम. पोरांची घाबरगुंडी उडायची. आई मात्र पहिल्याच शब्दाला ओळखायची.

"अहो बाई, माझ्या बायकोच्या डोळ्यात ॲसिडचा थेंब उडाला हो!" पलीकडून घोगरा आवाज.

"तुमच्या बायकोच्या डोळ्यात काहीही उडालेलं नाही," आई म्हणायची. "ती तुमच्या नावाने बोटं मोडत बसलीय. येताना साखर आणा."

पलीकडे बाबा हसत सुटायचे, टपरीवाला हसायचा, आणि इकडे आई फोन ठेवून उगाचच कपाट आवरायला घ्यायची. धाकटीला इतक्या वर्षांनीही ते आठवलं की गंमत वाटे. एवढं सुखाचं घर पुन्हा कुठे पाहिलं नाही, असं ती आपल्या नवऱ्याला सांगायची. तो म्हणायचा, "आणि एवढं विषाचं बोलणंही कुठे ऐकलं नाही." तेही खरंच होतं म्हणा.

तर असं ते घर. आता त्यात एकटी आई उरली होती आणि फोन उरला होता. कारखाना दादा बघत होता. त्याने नवी लेबलं छापली, त्यांवर एका एजन्सीचा नंबर टाकला. तिथे दिवसरात्र माणसं बसलेली असतात, सगळे मिळून बऱ्याच कारखान्यांचे फोन घेतात. पण जुन्या लेबलांचे डबे लोकांच्या मोऱ्यांखाली, माळ्यांवर, कुठल्या कुठल्या कोनाड्यांत अजून पडून होते, आणि कधीतरी घरचा फोन वाजायचाच. तोवर आई जागची हलायला तयार नव्हती.

हलायला तर हवंच होतं. आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशन करा, आणि आता थांबू नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. तारीख मिळाली, आईने ती पुढे ढकलली. दुसरी मिळाली, तीही ढकलली. "दवाखान्यात इतके दिवस पडून राहायचं, मग तुझ्या घरी विश्रांती. इथे कोण बसणार?" दादा चिडला, ओरडला, मग रडकुंडीला आला. शेवटी हात टेकून त्याने धाकटीला फोन केला. "तूच ये बाई. माझं नाव काढलं तरी ती फोनकडे बघते. आणि मी त्या फोनकडे बघितलं ना, की माझं डोकं फिरतं."

त्याचं डोकं का फिरतं, हे धाकटीला ठाऊक होतं. बाबा गेले त्या दुपारची गोष्ट. बाबा दवाखान्यात होते, दादा आणि धाकटी त्यांच्याजवळ, आणि पाळीप्रमाणे आई घरी. अचानक बाबांचं बिघडलं. "तुमच्या आईला बोलवून घ्या," डॉक्टर म्हणाले. दादाने घरी फोन लावला, बिझी. पुन्हा लावला, बिझी. आईने मोबाइल कधी घेतलाच नव्हता. एका घरात दोन फोन असले की कुठला आधी उचलायचा, हा तिचा सवाल. शेवटी धाकटीच गाडी करून धावत घरी आली. दारातूनच म्हणाली, "आई, चल. बाबा..." आई फोनवर होती. कुठल्यातरी आडवळणाच्या गावातली बाई, घरात एकटी, पोराने मोरीची पावडर तोंडात घातलेली, आणि गाडी यायला उशीर. आईने धाकटीकडे पाहिलं आणि तळहात वर केला. थांब.

धाकटी थांबली. पलीकडच्या बाईच्या दारात गाडी येईपर्यंत आई बोलत राहिली, तेच शांत, सावकाश बोलणं. मग फोन ठेवला आणि ती उठली. दोघी दवाखान्यात पोचल्या तेव्हा दादा जिन्यात बसला होता. त्याच्याकडे बघूनच त्यांना कळलं.

त्या दुपारबद्दल आई कधी एक अक्षर बोलली नाही, आणि तो वर केलेला तळहात धाकटी कधी विसरली नाही.

तर आता धाकटी आली. आईने खुर्ची फोनशेजारीच ठेवली होती. बोलताना तिला धाप लागत होती, ओठांवर निळसर छटा आली होती. धाकटीने आधी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, मग दटावलं, मग डोळ्यांतून पाणी काढलं. कशाचाही उपयोग झाला नाही.

"अगं, तो नंबर एजन्सीकडे वळवता येतो," ती म्हणाली. "जुना डबा असू दे नाहीतर नवा. इथला नंबर फिरवला की फोन थेट त्यांच्याकडे जाणार."

"आणि तिथे कोण उचलणार? आधी वाजंत्री वाजणार, मग म्हणणार एक दाबा, दोन दाबा. तोवर पोराचा घसा जळून जायचा."

"तू कधी करून बघितलायस तिथे फोन?"

दादाने आणून ठेवलेला नव्या लेबलचा डबा आईने पुढे ओढला. मग म्हणाली, "नाही. करू या." तिच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "तालीम घेऊ या. ते नापास झाले तर मी इथून हलायची नाही. कबूल?"

"आणि पास झाले तर आत्ताच्या आत्ता गाडीत बसायचं. दादा खाली येऊन थांबलाय. कबूल?"

"कबूल."

एका अनोळखी माणसाच्या तोंडी आपल्या आईचा जीव देऊन बसलो, असं धाकटीला झालं. पण शब्द गेला होता. आईने चष्मा लावला, नवा डबा हातात धरून नंबर फिरवला. ऐकायला कमी येतं म्हणून तिने फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता, त्यामुळे पलीकडचं धाकटीलाही ऐकू येत होतं. एकदा वाजला, आणि लगेच उचलला.

"केमिकल मदत. कोणाला, काय झालंय?" मुलीचा आवाज. तरुण, पण घाईचा नव्हे.

वाजंत्री नाही, हॅलो नाही. आईने धाकटीकडे बघून भुवया उंचावल्या. मग रडवेल्या आवाजात सुरुवात केली. "अहो, माझ्या पोराने मोरीची पावडर तोंडात घातली हो. लहान आहे."

"शुद्धीवर आहे ना? श्वास नीट घेतोय?"

"रडतोय."

"रडतोय ते बरंय. त्याला उलटी काढायला लावू नका. तोंडातली पावडर ओल्या फडक्याने पुसून घ्या, चूळ भरून थुंकू दे. डबा आहे का हाताशी? नाव वाचा."

आईने मुद्दाम जुन्या डब्यावरचं नाव सांगितलं, पंधराएक वर्षांपूर्वी बंद झालेलं.

"जुना माल दिसतोय," मुलगी म्हणाली. "असू दे, आहे माझ्याकडे माहिती. दवाखाना किती लांब आहे?"

"शेजारीण म्हणते लिंबू पाजा."

"शेजारणीला म्हणावं, तुम्ही गाडी बघा. लिंबू नको, दूध नको, काहीच पाजायचं नाही."

धाकटीला हसू फुटणार होतं. तिने आईकडे पाहिलं आणि ते जिथल्या तिथे विरलं. आईचा चेहरा बदलला होता. ती आता धाकटीकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. आडवळणाचं गाव, एकटी बाई, मोरीची पावडर. आई त्या दुपारचाच फोन करत होती. फक्त या खेपेला ती पलीकडच्या बाजूला होती.

"घरात तुमच्याबरोबर आणखी कोण आहे?" मुलीने विचारलं.

"कोणी नाही. एकटीच आहे मी."

"बरं. गाडी येईपर्यंत मी फोनवर आहे. घाबरू नका."

"माझे मिस्टर दवाखान्यात आहेत," आई म्हणाली. आवाज रडवेला नव्हता आता. साधा होता. "त्यांचं काही खरं नाही. मुलगी बोलवायला आलीय. मला जायचंय तिकडे. पण फोन कसा ठेवू? पोर लहान आहे हो. मी फोन ठेवला तर त्या बाईजवळ कोण?"

ती मुलगी गोंधळली असणार, कुठली बाई, कुठले मिस्टर. कोणीही गोंधळलं असतं. पण तिने उलट काही विचारलं नाही. सावकाश म्हणाली, "काकू, पोराजवळ आत्ता मी आहे. मी फोन ठेवत नाही. तुम्ही जा मिस्टरांकडे."

आईने तोंडावर हात दाबून धरला. "काकू? आहात ना? श्वास घ्या जरा," मुलगी पलीकडून म्हणत राहिली. शेवटी आईने डोळे पुसले.

"तालीम होती, बाळ," ती म्हणाली. "पोर वगैरे कोणी नाही. सगळे सुखरूप आहेत. तू पास झालीस."

"काकू, तुम्ही बऱ्या आहात ना पण?"

"आता होईन," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मात्र तिने दिरंगाई केली नाही. पिशवी उचलली, चपला घातल्या. धाकटीने नंबर वळवायचं काम दादाला फोन करून लगेच उरकायला लावलं, न जाणो आईचं मन पुन्हा फिरायचं. दादा वर आला, सामान घेतलं, तिघंही दाराबाहेर आली, आणि तिथे सगळं अडलं. दाराला लावायला कुलूपच नव्हतं. कुठून असणार? बाबा गेले ती दुपार सोडली, तर घर रिकामं सोडून सगळे बाहेर पडलेत, असं कधी घडलंच नव्हतं; आणि त्या दुपारी दार नुसतं लोटून दोघी धावल्या होत्या. दादाने कपाटं उचकली, माळा पाहिला, मग स्वतःवरच चरफडत कुलूप विकत आणायला नाक्यावर गेला.

आई आणि धाकटी पायरीवर बसल्या. आईला धाप लागली होती, पण चेहरा निवळला होता.

"त्या दिवशी कोणी असं म्हणालं असतं ना," आई दाराकडे बघत म्हणाली, "की तुम्ही जा, मी आहे, तर मी गेले असते गं. चपला न घालता धावत गेले असते."

इतकी वर्षं धाकटीला तो वर केलेला तळहात दिसत होता. त्या तळहातासमोर कोण उभं होतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला सगळं पाठ होतं. उलटी नको, लिंबू नको, मी इथेच आहे. आईच्या हातातून रिसीव्हर घ्यायला तिला दोन पावलं पुढे जावं लागलं असतं, बस्स.

"आई," ती कशीबशी म्हणाली, "मी होते ना तिथे."

"होतीस."

"मला येत होतं सगळं. मी घेऊ शकले असते तो फोन."

"नाही," आई म्हणाली. तिने धाकटीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिची बोटं गार होती. "तू रडत होतीस. रडणाऱ्या माणसाच्या हातात हा फोन द्यायचा नाही, असं तुझ्या बाबांनीच मला पहिल्या दिवशी बजावलं होतं. म्हणून मी तुला थांब म्हटलं. तुझ्यावर का म्हणून ते टाकायचं? वडील जात होते तुझे."

धाकटी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. आई तिला थोपटत राहिली. दादा कुलूप घेऊन आला आणि दोघींकडे बघून सरळ दाराशी वळला. नव्या कुलपाची किल्ली फिरता फिरेना. "आण इकडे," म्हणत आई उठली. तिने कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली धाकटीच्या हातात दिली आणि कठडा धरून जिना उतरायला लागली.